‘त्याला कावून मारलं?’

आमच्या घरात मी थोरली सून आणि ती धाकटी. लग्न होऊन ती चकलांब्याहून धारूरला आली तेव्हा माझी मुलगी पाचवीत होती आणि मी या घरात इतकी मुरले होते, की दुकानातल्या कुठल्या खोक्यात कुठल्या मापाच्या बांगड्या आहेत ते डोळे मिटून सांगायचे. बाजारपेठेत आमचं जनरल स्टोअर्स आहे. बांगड्या, रिबिनी, वह्या, कंपासपेट्या, हंगामात राख्या आणि पतंग. खाली दुकान, वर घर. सासरे सकाळची लिंगपूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून गल्ल्यावर बसायचे. दोघे भाऊ माल आणायला बीड-लातूरच्या फेऱ्या मारायचे. दुपारी बाजार निवला, की काउंटर आम्हा दोघींच्या ताब्यात यायचं.

धाकटी कामाला चांगली होती, बोलायला कमी. सासूबाईंची तिच्याबद्दल एकच तक्रार. “पोरगी गुणाची हाय, पण सारखी मोबाईलात तोंड खुपसून.” ते खोटं नव्हतं. भाकरी तव्यावर टाकली, की ती फुगेपर्यंत हिचा अंगठा मोबाईलवर चालू. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे चालू. एकदा मीच विचारलं, “काय गं, माहेरच्यांशी एवढं काय बोलायलीस?”

“बोलत न्हाई, अक्का. लिहायलेय.”

“काय लिहायलीस?”

“गोष्ट. लई मोठी हाय. पुस्तक व्हईल.”

डाळ शिजायला टाकलीय म्हणावं, इतक्या सहज म्हणाली. मला हसू आलं. आमच्या घराण्यात पुस्तकं विकणारे होते, तीही शाळेची, लिहिणारं कुणी नव्हतं. “बरं, ऐकव मंग,” मी म्हटलं. त्या दुपारी काउंटरमागच्या स्टुलावर बसून तिनं मला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. एक बाई लेसचा रीळ घ्यायला आली होती, तिला मी “जरा थांबा” म्हणाले, आणि ती बाईसुद्धा उभ्याउभ्या ऐकत राहिली.

गोष्ट अशी होती. डोंगराच्या पोटात एक शहर आहे, आणि तिथल्या दगडांना कान आहेत. शेकडो वर्षांत जे जे कुणी बोललं, ते दगडांनी साठवून ठेवलंय. तेराव्या-चौदाव्या वर्षी काही थोड्या मुलांना दगडांचं बोलणं ऐकू यायला लागतं, आणि मोठं झालं की ते आपोआप बंद होतं. शहराच्या राज्यकर्त्यांना अशी मुलं हवी असतात, कारण सगळ्यांची गुपितं दगडांना ठाऊक. नायिका एका गवंड्याची मुलगी. तिला भिंत बोलताना ऐकू येते, त्या दिवसापासून ती पळतेय. तिच्याबरोबर तिचा एक दोस्त. त्याला दगडांचं काहीएक ऐकू येत नाही. हा हावरट, बडबड्या, कमरेला गोफण लावून हिंडणारा. तो तिला विचारतो, “काय म्हणायलंय दगूड?” ती म्हणते, “तू गप बस म्हणायलंय.”

मी इतकी हसले, की वरून सासूबाईंनी विचारलं काय झालं म्हणून.

तो मुलगा कोण होता हे मला पुढं कळलं. तिला एक भाऊ होता, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. ज्वारी हुरड्यात आली, की दोघं शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकायची. तो गोफण फिरवायचा आणि ही गोष्ट सांगायची. राजाराणीची सांगितली तर तो रुसायचा, राक्षसाची सांगितली तर म्हणायचा, हे जुनं झालं. रोज नवीन जग पाहिजे. बारा वर्षांचा असताना तो तापानं गेला. एवढंच तिनं सांगितलं, तेही बांगड्यांचा डझन बांधता बांधता.

पहिलं पुस्तक लिहून झालं तेव्हा तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिनं ते प्रकाशकांना पाठवलं. एकाकडून उत्तर आलं, की मुलांच्या पुस्तकात काही बोध हवा, यात तो सापडत नाही. दुसऱ्यानं फोनवर सांगितलं, “ताई, या वयाची मुलं मराठी वाचत नाहीत. लहानांचं लिहा, नाहीतर मोठ्यांचं.” तिसऱ्यानं उत्तरच दिलं नाही. धाकटीनं तोंड पाडलं नाही, पण त्या आठवड्यात तिचा अंगठा थांबलेला मी पाहिला. भाकरीकडेच बघत भाकरी भाजायची.

माझी मुलगी तेव्हा आठवीत गेली होती. तिनं काकूच्या मोबाईलवरून पहिलं प्रकरण घेतलं आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकून दिलं. आम्हाला पत्ताच नाही. दोन दिवसांनी दुपारी चार-पाच पोरी दुकानात आल्या. एक खोडरबर घेतलं, घुटमळल्या, आणि मग एकीनं विचारलं, “काकू, पुढचं आलं का?”

“काय पुढचं?”

“दगडाच्या गोष्टीचं.”

धाकटी काउंटरमागं उभी होती. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं, ते लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. दर शनिवारी एक प्रकरण द्यायचं ठरलं. शनिवारी शाळा सुटली, की आमच्या दुकानापुढं दप्तरांची गर्दी. सासरे म्हणायचे, “एवढं गिऱ्हाईक अन् खपतं काय, तर खोडरबर!” पण तेच, दुकान शांत असलं की नातीकडून मोबाईल मागून घेत आणि चष्मा वर सारून वाचत बसत. विचारलं तर म्हणत, “भाव बघायलोय.”

प्रकरणं धारूरच्या बाहेर गेली. अंबाजोगाईला गेली, परळीला गेली, आणि फिरत फिरत संभाजीनगरच्या एका छोट्या प्रकाशकाच्या पुतणीच्या मोबाईलवर पोचली. एक दिवस ते स्वतः आले. साधा माणूस, खांद्याला शबनम. चहा घेतला, पुस्तक छापतो म्हणाले, आणि मग एक अट घातली.

“भाषा तेवढी सारखी करून घेऊ. तुमची नायिका सारखी ‘कावून’ म्हणते. पुण्या-मुंबईच्या मुलांना ‘का’ म्हटलं की कळतं. ‘कावून’ कसं कळेल?”

धाकटी म्हणाली, “सर, गोष्ट सांगतानाची भाषा सगळ्यांचीच हाय. पण पोरं बोलतेत तवा ती इथलीच बोलतेत. तिनं ‘का’ म्हटलं, तर ती माझी पोरगी राहत न्हाई.”

ते म्हणाले, विचार करा. गेले. दोन-तीन आठवडे फोन नाही. मी धाकटीवर चिडले. “एका शब्दापायी पुस्तक घालवतीस काय? बदल की! कोण बघतंय?”

ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, “अक्का, आपली पोरं बीडला हॉस्टेलला गेली, की पयलं काय करतेत? बोलणं बदलतेत. ‘हाय’चं ‘आहे’ करतेत, ‘न्हाई’चं ‘नाही’ करतेत. भ्या वाटतंय त्यांना. पुस्तकातल्या पोरीनं तरी कावून भ्यावं?”

शेवटी प्रकाशकांचाच फोन आला. पुतणी ऐकत नाही, म्हणाले. पुस्तक जसंच्या तसं निघालं. आणि झालं असं, की पुण्याकडची मुलं फोन करायला लागली, तेव्हा पहिला शब्द ‘कावून’ असायचा. एका मुलीची आई तक्रारीच्या सुरात म्हणाली, “अहो, आमची मुलगी दिवसभर मला ‘कावून, कावून’ करते!” धाकटीनं फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

पुस्तकाचं प्रकाशन इथल्याच शाळेच्या पटांगणात झालं. पाहुणे म्हणून एक पुढारी बोलावले होते. त्यांनी पुस्तक उघडलेलं नव्हतं, हे त्यांच्या दुसऱ्या वाक्याला कळलं. “आमच्या या भगिनीनं धारूरच्या किल्ल्याचा जाज्वल्य इतिहास लिहून...” मागून आठवीची पोरं एका आवाजात ओरडली, “इतिहास न्हाई, साहेब! कल्पना हाय!” पुढारी हुशार. थांबले, हसले, आणि म्हणाले, “मंग तर अजून अवघड काम हाय.” टाळ्या पडल्या. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. राक्षसाभुताचं लिहून घरात बरकत कशी येणार, हे त्या वर्षभर म्हणत आल्या होत्या. त्या दिवशी घरी येताना मात्र म्हणाल्या, “माणसं लई आलती.” तेवढंच, पण दुसऱ्या दिवसापासून धाकटीच्या हातात मोबाईल दिसला, की त्या स्वतः तवा सांभाळायच्या.

दुसरं पुस्तक घाईत झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आत ते दुकानांत हवं, असा प्रकाशकांचा धोशा होता. धाकटी मला रोज वाचून दाखवायचीच. एका दुपारी तिनं जे वाचलं ते ऐकून मी काउंटरवर डोकं टेकवून रडले. मागून येणाऱ्यांना अडवायला शहराचं शेवटचं दार आतून बंद करणारं कुणीतरी पाहिजे असतं, आणि तो गोफणवाला, खादाड, बडबड्या मुलगा ते बंद करतो. बाहेर नायिका, आत तो. दार दगडी. तिनं ते प्रकरण एका दमात वाचलं, मोबाईल बाजूला ठेवला आणि लगेच उठून गिऱ्हाइकाला रिबिनी दाखवायला लागली. पुढचं प्रकरण दुसऱ्या सकाळचं होतं. नायिका डोंगर उतरून पुढच्या प्रवासाला निघते. मला त्यात काहीच खटकलं नाही. गोष्ट पुढं जात होती ना.

पुस्तक निघालं आणि फोन सुरू झाले. रडणारी मुलं, रागावलेली मुलं. एकानं तर नुसतं “मी तुमच्याशी बोलणार नाही” एवढं सांगायला फोन केला होता. धाकटी प्रत्येकाशी बोलायची, पण उत्तर ठरलेलं. “गोष्टीत तसं व्हावं लागतं, बाळा.”

दिवाळी झाली. सीताफळांचा शेवटचा बहर चालू होता. एका सकाळी दुकानापुढं एसटीची लाल गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून मुलंच मुलं उतरली. नववीची सहल, किल्ला बघायला आलेली, आणि तीही नेमकी चकलांब्याची. धाकटीच्या गावची, तिच्याच शाळेची. सर बिचारे हात जोडून पुढं आले. “माफ करा ताई, पोरं ऐकंनात. किल्ल्याच्या आधी तुमचं घर म्हणाली.”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागून आवाज आला, “त्याला कावून मारलं?” आणि मग सगळेच. “कावून मारलं? कावून मारलं?” सर ओरडायले, “शिस्त! शिस्त!” बाजारपेठ गोळा झाली. शेजारचा भांडीवाला दुकान टाकून आला. जिन्यावरून सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या उतरल्या. “कुणाला मारलं? अगं, कुणाला मारलं?”

“पुस्तकातल्या पोराला, आत्याबाई,” मी म्हटलं.

“अरे देवा!” त्या पायरीवरच बसल्या. मग मुलांकडे बघून म्हणाल्या, “एवढ्या लांबून आलेत, उपाशी असतील.” आणि वरून सीताफळांची पाटी आणायला लावली.

मुलं फळं खात रस्त्यावरच बसली. धाकटी दुकानाच्या पायरीवर. एकेकाला उत्तर देत होती. एक मुलगा म्हणाला, दार बंद करायला दुसरं कुणीतरी ठेवायचं होतं. एक म्हणाला, तिसऱ्या पुस्तकात त्याला भुयारातून बाहेर काढा, माझ्याकडं नकाशा हाय. ती हसत होती, ऐकत होती. तिला हे आवडत होतं, हे मला दिसत होतं.

एक मुलगी मात्र बसली नव्हती. दुकानातल्या बांगड्यांच्या कपाटाला टेकून उभी होती, हातातलं सीताफळ तसंच. गाडीत बसायची वेळ झाली तेव्हा ती पुढं आली.

“मॅडम, त्याची गोफण कुठं गेली?”

“काय?”

“दार लावायच्या आधी त्यानं गोफण काढून तिच्या हातात दिलती. पुढं तिचं नावच न्हाई पुस्तकात. दुसऱ्या दिवशी सगळे पुढं निघून गेले.” ती थांबली. आवाज चढला नव्हता, भांडण नव्हतं. “आमचे पप्पा गेले, तर त्यांच्या चपला दारात तशाच होत्या. आई झाडताना उचलायची अन् झाडून झालं की परत तिथंच ठेवायची. कुणीबी पुढं गेलं न्हाई, मॅडम. तुमच्या पुस्तकात कसे गेले?”

सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला न्यायला लागले. धाकटी उठली. “सर, एक मिनिट.” ती त्या मुलीपुढं उभी राहिली. मला वाटलं आता तेच उत्तर येणार, गोष्टीत तसं व्हावं लागतं.

“मला म्हायती न्हाई, कुठं गेली गोफण,” ती म्हणाली. “मी विसरले. तू बराबर हाईस. मला घाई झालती.”

पोरगी तिच्याकडे बघत राहिली. मोठ्या माणसानं एवढ्या माणसांत असं म्हणावं, हे तिला नवीन असावं. मलाही होतं. दोन पुस्तकं छापून आलेली बाई, पुढं सगळी बाजारपेठ, आणि ही नववीतल्या पोरीला सांगतेय, तू बरोबर आहेस.

गाडी गेल्यावर ती वर जाऊन माळवदावर बसली. मी चहा घेऊन गेले. “अक्का,” ती म्हणाली, “भाऊ गेल्यावर आई त्याचं ताट वाढायची. रोज. त्याच्या वाटणीची भाकर कुणी उचलली तर वरडायची. वरीसभर चाललं. मी रोज त्या ताटापुढं बसून जेवले. मला सगळं ठावूक होतं. तरी लिहायची वेळ आली अन् मी पळाले.”

तिसरं पुस्तक सुरू झालं ते असं. मी तिच्याबद्दल सांगायला बसले, ते खरं म्हणजे या पुस्तकापायी.

प्रकाशकांचं म्हणणं वेगळं होतं. “मुलांना तो परत हवाय. आणि तुमच्याच जगात सोय आहे ना! दगड आवाज साठवतात. मग आणा त्याला परत. जादू तर आहेच.” त्यात तथ्य होतं. मलाही वाटलं, आणावं. शंभर मुलं त्यासाठी रडत होती. धाकटी म्हणाली, “सर, त्या पोरीचे पप्पा मला परत आणता येत न्हाईत. मंग ह्याला आणून मी तिला काय तोंड दाखवू?”

तिनं काय केलं, तर नायिकेला दारापाशी परत नेलं. प्रवास, शत्रू, राजधानी, सगळं सोडून ती पोरगी त्या बंद दगडी दाराला कान लावून बसते. दगडानं त्याचा आवाज साठवलेला असतो, पण शौर्याचं काही नाही. दगड पुन्हा पुन्हा एवढंच म्हणतो, “भाकर उरली का गं?” ती तिथून हलत नाही. आणि इकडे तिचं वय वाढतंय. दगडांचं ऐकू येणं एक दिवस बंद होणार, हे तिला ठाऊक आहे. त्या दिवशी त्याचा आवाजही जाणार.

हे लिहायला तिला फार जड गेलं. आधीच्या पुस्तकांत आठवड्याला प्रकरण व्हायचं, आता महिना महिना एका पानावर. दोन दिवाळ्या गेल्या. मधे एकदा सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तिनं सगळं बाजूला ठेवून त्यांची सेवा केली. प्रकाशकांचे फोन यायचे, मग कमी झाले, मग थांबले. “गोष्ट एका जागी बसून राहिलीय,” ते म्हणाले होते. ती म्हणाली, “बसू द्या.”

त्या काळात ती मला वाचून दाखवेनाशी झाली. मला लागलं ते. इतकी वर्षं पहिलं कानावर घालायची ती माझ्याच. एकदा मी विचारलंच, तर म्हणाली, “त्या पोरीला धाडलंय.” सरांकडून नंबर घेऊन तिनं त्या मुलीच्या आईच्या मोबाईलवर प्रकरण पाठवलं होतं. मी म्हटलं, “म्हंजे आता आमची गरज सरली.”

ती हसली नाही. “अक्का, तुमी माझ्यावर माया करता. तुमाला सगळं आवडतं. तिला न्हाई आवडत.”

मग तिनं त्या मुलीचं उत्तर मला ऐकवलं. बोलून पाठवलेलं होतं, मागं शेळ्यांचा आवाज. “मॅडम, वाचलं. बराबर हाय. पण ती लई लवकर रडायलीय. मी तर लई दिवस रडलेच न्हाई. मला नुसती झोप यायची. आन् भूक लागायची, त्याची लाज वाटायची.”

धाकटीनं ते अख्खं प्रकरण मोडून परत लिहिलं. नव्या प्रकरणात नायिका दारापाशी बसून पोटभर जेवते आणि तिला त्याची लाज वाटते. ते मी वाचलं आणि माझा रुसवा गेला. माझ्याकडून तिला हे कधी मिळालं नसतं, हे मला कबूल करावंच लागलं.

पुस्तकाच्या शेवटी नायिकेला ऐकू येणं बंद होतं. एका सकाळी दगड नुसता दगड असतो. ती गोफण स्वतःच्या कमरेला बांधते आणि डोंगर उतरते. बस.

प्रकाशकांनी तेही छापलं, पण पुस्तक निघालं तेव्हा आधीसारखी झुंबड नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. काही मुलांना ते आवडलंच नाही. “लई हळू हाय,” असं माझ्याच दुकानात येऊन एका मुलानं तिच्या तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, “हाय खरं.” पण हळूहळू वेगळेच फोन यायला लागले. मुलांचे नाहीत, मोठ्यांचे. नांदेडकडचा एक माणूस बोलता बोलता थांबत होता. त्याची बायको गेल्यापासून मुलगा आईचं नाव काढत नव्हता. पुस्तक वाचल्यावर त्यानं बापाला विचारलं, आईचा स्वेटर कुठं ठेवलाय. “दोघांनी मिळून कपाट उघडलं, मॅडम,” तो म्हणाला. धाकटी नुसती “हं, हं” म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर बराच वेळ बांगड्यांची खोकी पुसत होती. पुसलेलीच परत पुसत होती.

ती चकलांब्याची मुलगी आता बीडला बारावीत आहे. सुट्टीत आली, की आमच्याकडे दोन दिवस राहते. सासूबाई तिला काठी टेकत टेकत जेवायला वाढतात आणि दोघी लेखिकेच्या चुका काढतात.

यंदा धाकटीला पुण्याला एका कार्यक्रमाला बोलावलं. मी बरोबर गेले. मोठं सभागृह, मंचावर चार लेखक, ही एकटी साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेली. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा एक वयस्कर गृहस्थ उठले. बोलणं अगदी सभ्य. म्हणाले, तुमच्या जिल्ह्यात दुष्काळ आहे, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत, मुलांच्या शाळा सुटतात. एवढं जळजळीत वास्तव समोर असताना बोलणारे दगड कशाला?

धाकटीनं माईक हातात घेतला.

“साहेब,” ती म्हणाली, “ते सगळं खरं हाय. आमची पोरं ते रोज बघतेत. पण त्यांनी पुस्तक उघडलं तरी दुष्काळच वाचायचा का? तुमच्या पोरांना डोंगराच्या पोटातलं शहर, अन् आमच्या पोरांना फक्त कोरडी विहीर?”

मागच्या बाजूला बसलेल्या कॉलेजच्या मुलांनी टाळ्या सुरू केल्या. ते गृहस्थही टाळ्या वाजवत होते, हे मला आवडलं. नंतर ते येऊन तिन्ही पुस्तकं घेऊन गेले, नातीसाठी.

परतीच्या गाडीत मी तिला म्हटलं, “काय बोललीस गं! भ्याली न्हाईस?”

“लई भ्याले. पाय लटलट कापायलते. टेबलाला कापड होतं म्हणून कुणाला दिसलं न्हाई.”

मांजरसुंब्याला उतरलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, पिकअप घेऊन न्यायला आला होता. मागं वह्यांचे गठ्ठे. ढाब्यावर आम्ही तिघांनी शेवभाजी-भाकरी खाल्ली, आणि जेवता जेवता ती नव्या पुस्तकाबद्दल बोलायला लागली. या वेळी डोंगर नाही. एक नदी आहे, तिला वाटेल तेव्हा ती जागा बदलते, आणि तिच्या काठचं एक गाव तिच्या मागं मागं हिंडतं. नायक एक मुलगा आहे, त्याला हिंडायचा कंटाळा आलाय. त्याला एका जागी राहायचंय.

पिकअपमधे मी खिडकीपाशी, ती मधे. केजच्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, “अक्का, एक सांगा. नदी अचानक निघून गेली, तर सकाळी उठून गावातल्या बाया पयलं काय करतील?”

“भांडी घासायची राहिली म्हणून शिव्या देतील,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि पर्समधून मोबाईल काढला. दीर गाडी चालवता चालवता हसत होता. मी मात्र गंभीरपणे विचारात पडले होते. शिव्या देऊन झाल्यावर काय करतील? कपडे भिजत घातलेले असतील. कुणाचं तान्हं पोर असेल. कुणीतरी एक म्हातारी म्हणेल, मी येत नाही, जा तुम्ही. मी एकेक सांगत गेले आणि ती टिपत गेली. केज मागं पडलं, तरी आमच्या त्या गावातल्या बाया अजून आवरतच होत्या.